दोन थापा मारल्या की गाडी सुटते

माझी दोरायमावशी कँडेलारियाच्या जीपनी स्टँडवर गाड्या भरते. अठ्ठावीस वर्षं झाली. जीपनीत समोरासमोर दोन लांब बाकं असतात आणि एका बाकावर किती माणसं मावतात यावर तीन मतं आहेत. बसणाऱ्यांचं म्हणणं आठ, गाडीवाल्याचं म्हणणं दहा, आणि मावशीचं म्हणणं, “तुम्ही आधी चढा तर खरं, मग बघू.”

गळ्यात टॉवेल, अंगात स्टँडचा निळा शर्ट आणि आवाज असा की पलीकडच्या बाजारातल्या कोंबड्या गप्प व्हाव्यात. “सरका, सरका! काका, गुडघे जवळ घ्या, सिंहासन नाहीये ते! ताई, पिशवी मांडीवर, तिचं तिकीट काढलंय का? अजून दोघं! दोघंच!” गाडी भरली की ती मागच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारते. धप्प, धप्प. ड्रायव्हर मागं वळूनही बघत नाही, गाडी सोडतो. त्या थापांचा आमच्या गावात असा वचक आहे की एकदा फादरनी प्रवचनाच्या भरात लाकडी कठड्यावर दोनदा हात आपटला, तर मागच्या बाकावर डुलक्या घेणारा एक ड्रायव्हर उठून खिशात चावी शोधायला लागला.

मावशीचं लग्न झालेलं नाही. का, ते विचारायची सोय नाही. विचारलं की म्हणते, “भरलेल्या गाडीत मला जागा नसते आणि रिकाम्या गाडीत मी बसत नाही.” ती आजीबरोबर राहते. आजीला आम्ही नातवंडं लोला म्हणतो, तिची मुलं नानाय म्हणतात. मुलं सात. त्यातली माझी आई सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात भांडकुदळ. हे मी प्रेमानं लिहिते आहे, तरी ती वाचणार नाही अशी आशा आहे.

तर या मार्चमधली गोष्ट. लोलाला मे महिन्यात नव्वद पूर्ण होणार होती. काय हवंय म्हणून आम्ही विचारायला गेलो, तर तिनं काठीनं भिंतीवरचा फोटो दाखवला. आमच्या घराण्याचा, उमालींचा, सगळ्यांचा एकत्र फोटो. सगळ्यांचा म्हणजे काय, तर रोमुलोमामा जहाजावर असतो आणि एस्तेरमावशी दुबईत, त्यामुळे फोटो काढताना ते दोघं कधीच नसतात. मग दुकानदार त्यांना संगणकावर चिकटवून देतो. सगळीकडेच तसं करतात, त्यात काही नवल नाही. पण आमच्या दुकानदारानं रोमुलोमामाचं डोकं बाकीच्यांच्या दीडपट केलंय. एस्तेरमावशी तर गेल्या चार फोटोंत एकच जांभळा ब्लाउज घालून, एकाच बाजूला मान वाकवून हसते आहे. पाय तिला एकाही फोटोत नाहीत.

“मला एक न चिकटवलेला फोटो हवा,” लोला म्हणाली. “सातही पोरं, त्यांची पोरं, त्यांची पोरं. सगळी खरी. मग मला खुशाल न्या.”

“कुठं न्यायचं, नानाय?” आईनं विचारलं.

“वर.”

“आधी समुद्रावर नेते,” दोरायमावशी म्हणाली. “वरची गाडी अजून भरलेली नाही.”

आणि खरंच जुळून आलं. रोमुलोमामाला मे महिन्यात सुट्टी होती. एस्तेरमावशीनं दुबईतल्या मालकिणीकडून भांडून दोन आठवडे मिळवले. बावीस वर्षांनी सातही भावंडं एकाच गावात असणार होती आणि सगळ्यांच्या तारखा ताडून हाती लागला एक रविवार आणि अर्धा सोमवार. सोमवारी दुपारी रोमुलोमामा मनिलाला निघणार होता. हा मुहूर्त हुकला तर पुढचा कधी, हे लोलाकडे बघून कुणी मोठ्यानं बोललं नाही.

मावशीनं खाडीपलीकडच्या एका बेटावरचं रिसॉर्ट ठरवलं. बांबूच्या खोल्या, पांढरी वाळू, माडांना बांधलेले झोपाळे, आणि कराओकेचं यंत्र बाहेरून आणलं तरी चालेल अशी पाटी. या पाटीवरच तिनं होकार दिला. मग स्टँडवरच्या वहीतला एक कागद फाडून तिनं घरवार यादी केली. अंबोमामाच्या घरची पाच. जुळ्या मामांपैकी एकाची पाच, दुसऱ्याची सहा. एस्तेरमावशीची तीन, रोमुलोमामाची पाच, आमची पाच. आणि लोला. तीस. ती यादी दोन महिने तिच्या टोपीत होती. कुणी काही विचारलं की टोपी काढायची, कागद उलगडायची आणि म्हणायची, “तीस माणसं आहेत माझी, तीस! चेष्टा नाही.”

आता तीस उमालींना एका दिशेला नेणं म्हणजे आवळ्याची मोट. पहिलं भांडण शर्टांवरून झालं. सगळ्यांनी एकसारखे शर्ट घातल्याशिवाय आमच्याकडे सहल होतच नाही, समुद्रही ओळख दाखवत नाही. पण रंग कुठला? आई म्हणाली पिवळा. एक जुळा मामा म्हणाला, पिवळा त्या अमक्या उमेदवाराचा, मी घालणार नाही. हिरवा त्याच्या विरोधकाचा. लाल आजी मेयरचा, गुलाबी माजी मेयरचा. जांभळा पंचायतीतल्या एका बाईनं नुकताच घेतलेला. निवडणुका तोंडावर आल्या की आमच्या गावात इंद्रधनुष्यसुद्धा कुठल्या पक्षाचं ते आधी विचारावं लागतं. शेवटी मावशीनं टेबलावर दोन थापा मारल्या.

“भाजलेल्या डुकराच्या कातडीचा रंग! लेचोनवर कुणाचं वैर आहे? आहे का? बोला!”

अख्ख्या डुकरावर वैर धरणारा उमाली अजून जन्माला यायचाय. तपकिरी शर्ट ठरले. छापून आले तेव्हा वाटता वाटता एक कमी पडला. मावशीनं गठ्ठा दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाली, “कुणीतरी ढापलाय. जाऊ दे, माझा निळा आहे की.” तेव्हा कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला फार हुशार समजते.

खोल्यांची वाटणी तिनं घोरण्यावरून केली. मंद घोरणारे एकीकडे, करवती दुसरीकडे, आणि रोमुलोमामाला एकटी कोपऱ्यातली खोली, कारण त्याला इंजिनाच्या आवाजात झोपायची सवय आणि त्या आवाजाची उणीव तो स्वतःच भरून काढतो. “आणि तू कुठं झोपणार?” मी विचारलं. “मी काय, पडेन कुठंही,” ती म्हणाली आणि पुढच्या ओळीवर गेली. पुढच्या ओळीवर भात होता.

मग पाऊस. मे महिन्याचा भरवसा नाही, म्हणून पाऊस पडू नये यासाठी सांता क्लाराच्या मठात अंडी वाहायची. मावशीनं दोन डझन नेऊन दिली. ते माहीत नसल्यानं आईनंही एक डझन नेली. दुबईहून उतरल्या उतरल्या, सामान घरी टाकायच्या आधी, एस्तेरमावशीनं आणखी दोन डझन नेली. खिडकीतल्या सिस्टरनी आडनाव विचारलं आणि म्हणाल्या, “पुन्हा उमाली? अहो, तुम्हाला पाऊस नको आहे की दुष्काळ हवा आहे?”

हे सगळं हसण्यावारी गेलं. खरा स्फोट झाला तो वेळेवरून.

रिसॉर्टच्या बेटाला जायची वाट प्रवाळाच्या खडकांवरून आहे. भरतीचं पाणी असेपर्यंतच होडी जाते. त्या रविवारी सकाळी नऊनंतर पाणी उतरणार होतं, मग थेट दुपारी तीनला. म्हणजे गावातून साडेसहाला निघायलाच हवं. आता साडेसहा म्हणजे साडेसहा हे फक्त एस्तेरमावशीला समजतं, कारण तिला दुबईनं शिकवलंय. बाकीच्यांना मावशीनं ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे वेगवेगळी वेळ सांगायचं ठरवलं. कागदावर तिनं तक्ता आखला. एस्तेर, साडेसहा. आम्ही, पावणेसहा. जुळ्यांपैकी एक साडेपाच, दुसरा सव्वापाच. आणि थोरला अंबोमामा, चार. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘खरी वेळ साडेसहा. कुणालाही सांगायची नाही.’

मग तिनं त्या कागदाचा फोटो काढला, मला नीट टाइप करायला पाठवण्यासाठी, आणि तो घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला.

मी तो बघेपर्यंत चौदा जणांनी पाहिला होता. एस्तेरमावशीनं खाली लाल बदाम टाकला होता. जुळे मामा एकमेकांवर घसरले.

“तुला साडेपाच आणि मला सव्वापाच? मी तुझ्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त आळशी?”

“जन्मालाही तू मागूनच आलास, त्याला मी काय करू?”

लोलानं चष्मा लावून सगळं माझ्याकडून वाचून घेतलं आणि मावशीला विचारलं, “मला कितीचं सांगितलं होतंस?”

“तुला खरं सांगितलं, नानाय. साडेसहा.”

“मला कशाला खरं? मला सातचं सांगायचं होतं. मी तेवढंच झोपले असते.”

आम्ही हसून हसून जमिनीवर लोळलो. अंबोमामा मात्र हसला नाही. तो पायीपायी घरी आला, दारात उभा राहिला.

“चार? मी या घरातला थोरला. मला पहाटे चारला उठवून स्टँडवर बसवणार होतीस?”

“तू माझ्या बारशालाही जेवणं झाल्यावर आलास असं नानाय सांगते,” मावशी म्हणाली. “तेव्हा सात वर्षांचा होतास. तेव्हापासून एकदा तरी वेळेवर आलायस का?”

“मी माझ्या गाडीनं येईन. माझ्या वेळेला.”

“तुझ्या वेळेला म्हणजे पुढच्या मे महिन्यात!”

नऊ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला मात्र रोज यायचा आणि माझ्यामार्फत बोलायचा. “तुझ्या मावशीला सांग, अडोबोत व्हिनेगर जास्त झालंय.” मावशी त्याच्या ताटात आणखी वाढायची आणि म्हणायची, “तुझ्या मामाला सांग, मग दुसऱ्यांदा कशाला घेतोय?”

पण आदल्या दिवशी पान्सितच्या शेवया भिजत घालताना ती मला हळूच म्हणाली, “हा रागात आलाच नाही तर? फोटो पुन्हा राहील गं. नानायला पुन्हा एक चिकटवलेला मुलगा मिळेल. आणि या खेपेला तो गावात असून.” वाढदिवसाच्या शेवया लांबच लांब ठेवायच्या असतात, तेवढं आयुष्य वाढतं. त्या दिवशी तिच्या हातून एक तुटली, तर तिनं ती गुपचूप खाऊन टाकली.

रविवार उजाडला. पाच डझन अंड्यांची करणी अशी की आकाशात ढगाचा धागा नाही. सव्वासहाला स्टँडवर दोन जीपन्या उभ्या आणि, देवाची शपथ, सगळे हजर. तक्ता फुटल्यामुळे प्रत्येकाला इतरांच्या आधी पोचून दाखवायचं होतं. जुळे मामा तर पाचलाच येऊन एकमेकांकडे बघत बसले होते. अंबोमामा आणि त्याची घरची तेवढी नव्हती. बाकी पंचवीस तपकिरी शर्ट, केळीच्या पानांत गुंडाळलेलं लेचोन, कराओके, पान्सितचं पातेलं, आणि लोलाच्या चेहऱ्याचा दारभर बॅनर. त्यावर तिचा विसाव्या वर्षीचा रंगवलेला फोटो होता. तो बघून लोला म्हणाली, “ही कोण बाई आपल्याबरोबर येते आहे?”

मावशी नुसती उधळली होती. ती पहाटेपासून तिथंच होती. मे महिन्यातला रविवार, गावातली प्रत्येक जीपनी कुठल्या ना कुठल्या घरानं समुद्रासाठी ठरवलेली, आणि त्या सगळ्या तिनंच भरून दिल्या होत्या. आमच्या दोन शेवटच्या. “लोला पुढच्या गाडीत, ड्रायव्हरजवळ! डुक्कर मागच्या गाडीत! अरे, डुकराला खिडकी कशाला? सरका! माझी पिशवी पातेल्यापाशी ठेवा. सरका, दहा-दहा! अजून दोघं!” जागा असली तरी ती आमच्या पोटात, पाठीत, खांद्यात हात घालून आम्हाला ठासत होती आणि आम्ही किंचाळत होतो. कुणीतरी कराओकेचा माईक हातात घेऊन गाडी सुटायच्या आधीच, वीज नसतानाही, गायला लागलं होतं. तिनं पुढची गाडी मोजली, मागची मोजली. अंबोची पाच वजा करून पंचवीस. बरोबर.

धप्प, धप्प. पुढची सुटली.

धप्प, धप्प. आमची सुटली.

मी मागच्या दारापाशीच बसले होते. मला ती दिसली. रस्त्याच्या मधोमध उभी, टॉवेलनं मान पुसत, हात हलवत, आनंदानं फुललेली. मीही हात हलवला. स्टँडवरून सुटणाऱ्या गाडीमागं दोरायमावशी उभी असणार हे इतकं रोजचं चित्र आहे, की मला त्यात वावगं काही दिसलंच नाही.

पुढच्या गाडीतल्यांना वाटलं ती मागच्यात आहे. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही म्हणालो असतो पुढच्यात. सव्वा तास आम्ही घसा फुटेपर्यंत गाणी म्हटली. धक्क्यावर उतरलो, सामान उतरवलं, आणि दोन्ही जीपन्या दुसरी भाडी घ्यायला लगेच निघून गेल्या. होडीवाला घाई करत होता. “चला, चला, पाणी उतरतंय!” आईनं वैतागून मावशीला फोन लावला, “कुठं कडमडलीय ही, माणसं मोजायला हवीत,” आणि पान्सितच्या पातेल्याखाली फोन वाजला.

आम्ही सगळे त्या पिशवीकडे बघत राहिलो. काखेत कळसा म्हणतात, पण इथं कळसा आमच्या हातात होता आणि काखच गावात राहिली होती.

“यादी,” एस्तेरमावशी म्हणाली. पिशवीवर ठेवलेल्या टोपीतून तिनं तो कागद काढला. अंबो पाच, पाच, सहा, तीन, पाच, पाच, लोला. तीनदा वाचला. “अगं, हिनं घरवार यादी केलीय. आणि हिचं घरच नाही यात. हिनं स्वतःला कुठल्याच घरात धरलं नाही.”

मग एक शर्ट कमी का पडला ते माझ्या ध्यानात आलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“ती तीनच्या होडीनं येईल मागून,” एक जुळा मामा म्हणाला. “आपण पुढं होऊ, सकाळच्या उजेडात फोटो काढू. तिला नंतर चिकटवू.”

लोला तोवर आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत वाळूवर बसली होती. तिनं काठी वाळूत रोवली.

“मी नाही येत.”

“नानाय, भरती जाईल.”

“जाऊ दे. ती परत येते, तिला रोजची सवय आहे.” मग तिनं बोटं मोजली. “सात काढले मी. एक येतोय. पाच इथं आहेत. एकीला तुम्ही रस्त्यात ठेवून आलात. आयुष्यभर ती पोरगी मागूनच येते आहे. आज नाही. आणि चिकटवायचं नाव काढाल तर बघा.”

आईनं अंबोमामाला फोन लावला. पलीकडून बादलीतून पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मामा म्हणाला, “निघालो, पोचतोच!”

“दादा, तू आंघोळ करतोयस.”

“आंघोळ करून निघालोच!”

“दादा, दोराय स्टँडवर राहिली. आम्ही तिला विसरलो. तिच्याकडे फोन नाही, पैसे नाहीत, आणि गावात एक गाडी नाही. नानाय होडीत चढत नाहीये.”

पाण्याचा आवाज थांबला. आमच्या मामानं आयुष्यात पहिल्यांदा फोन ठेवायच्या आधीच धाव घेतली असावी, कारण पुढं आम्हाला फक्त घसरल्याचा आवाज आला.

स्टँडवर काय झालं ते त्यानंच नंतर शंभरदा सांगितलंय, त्यामुळे निम्मं खरं असेल. मावशी प्रवाशांच्या बाकावर बसली होती. अठ्ठावीस वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदाच. लापशी विकणाऱ्या बाईनं तिच्या हातात वाटी दिली होती, ती तशीच होती. मामा गाडीतून उतरला, डोक्यावर साबण, शर्ट उलटा.

“काय गं,” तो म्हणाला, “मला चारची वेळ देतेस आणि तू आठ वाजले तरी इथंच?”

नऊ दिवसांनी तो तिच्याशी थेट बोलला होता. ती आधी हसली आणि मग रडायला लागली.

“मला आधी माझाच राग आला, दादा. मग हसू आलं. मग वाटलं, कुणाच्या लक्षातच येणार नाही. संध्याकाळपर्यंत सुद्धा नाही.”

“नानाय वाळूत खुर्ची टाकून बसलीय. म्हणते तुझ्याशिवाय हलत नाही.”

“आणि भरती?”

“भरती गेली खड्ड्यात. चढ.”

गाडीत मामी, तीन पोरं आणि मामाचा लाडका झुंजीचा कोंबडा. जागा नव्हती. मामानं पुढच्या पत्र्यावर हात टेकला आणि मावशीच्याच आवाजात ओरडला, “सरका, सरका! अजून एक! एकच!” कोंबडा मावशीच्या मांडीवर आला.

ते धक्क्यावर पोचले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. पाणी उतरलं होतं, होडी चिखलात कलंडली होती, आणि होडीवाल्यानं तीनपर्यंत झोपायचं ठरवलं होतं. आम्ही मात्र तोवर धक्क्यावरच रिसॉर्ट उभारलं होतं. जाळी वाळवायच्या बांबूंवर लोलाचा बॅनर, चहाच्या टपरीच्या विजेवर कराओके, उलट्या टोपलीवर लेचोन. मावशी उतरली तेव्हा तीस तोंडांतून एकच आरोळी उठली, “अजून एक! एकच!” ती लाजून कोंबड्यामागं तोंड लपवायला लागली. आई आपला तपकिरी शर्ट तिथल्या तिथं काढून तिला द्यायला लागली, एस्तेरमावशीनं आईला वेळेत आवरलं.

फोटो तिथंच काढला, झोपेतून उठवलेल्या होडीवाल्याकडून. पाठीमागं समुद्र सुद्धा नाही, नुसता चिखल आणि खेकडे. मावशी सवयीनं पुढं उभी राहून सगळ्यांना दाबत होती, “सरका, दहा-दहा!” तेवढ्यात लोलानं तिचा निळा शर्ट मागून धरून तिला खाली ओढलं. “बस.” त्याच क्षणी होडीवाल्यानं बटण दाबलं. तीस तपकिरी आणि मधोमध एक निळी, तोंड उघडं, हात हवेत, डोळे मिटलेले. एस्तेरमावशी म्हणाली, दुकानदार डोळे उघडून देईल. लोलानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं फोन पर्समध्ये ठेवला. तो फोटो आता भिंतीवर आहे.

तीनला पाणी आलं. सगळे होडीत चढलो, डुकराचा उरलेला भाग, कराओके, कोंबडा. मावशी धक्क्यावर उभी राहून मोजत होती. “अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. झाले सगळे!” आणि तिनं होडीच्या फळीवर थाप मारायला हात उचलला.

“एकतीस!” आम्ही सगळे ओरडलो. होडीवालासुद्धा.

हात तसाच हवेत राहिला. लोलानं पुढं वाकून तिचं मनगट धरलं. नव्वद वर्षांची बाई, पण ओढ अशी की मावशी धडपडत आत आली आणि तिच्या शेजारी बसली. दोन माणसांच्या जागेत तिसरी.

“सरका गं,” लोला आम्हाला म्हणाली. मग तिनं स्वतःच होडीच्या फळीवर दोन थापा मारल्या.

“भरली,” ती म्हणाली. “आता सोड.”